वाकडमध्ये लहान मुलांसह राहायचंय, सोसायटी कशी पारखावी?

मुलं ३ आणि ७ वर्षांची. ६० फ्लॅटच्या सोसायटीत टू बीएचके बघतोय. ब्रोकर फक्त क्लबहाऊस दाखवतो. नक्की काय तपासू?

उत्तर १
आधी पाणी. वाकड पिंपरी-चिंचवड महापालिकेत येतं आणि तिथे २०१९पासून दिवसाआड पाणी येतं. माणशी १३५ लिटर धरा: चौघांचे ५४०, साठ घरांचे रोज ३२,४०० लिटर. जमिनीखालची टाकी निदान दोन दिवसांची, म्हणजे ६५ हजार लिटरची हवी. कमी असेल तर टँकर आलाच, आणि त्याचा खर्च मेंटेनन्समध्ये. सेक्रेटरींकडे मे महिन्याची टँकरबिलं मागा. पावसाळ्यातली बघून काही कळत नाही.

उत्तर २
भोगवटा प्रमाणपत्र (इमारतीत राहायला हरकत नाही असा महापालिकेचा दाखला) आहे का, ते आधी बघा हो! नसेल तर नळजोडणीपासूनच रडगाणं. मंजूर नकाशात मोकळी जागा कुठे दाखवलीय तेही बघा. बऱ्याच ठिकाणी खेळायच्या जागेवर पांढरे पट्टे मारून पार्किंग केलेलं असतं.

उत्तर ३
टेप घेऊन जा. बाल्कनीच्या गजांमधली फट १० सेंमीच्या आत हवी, नाहीतर तीन वर्षांचं पोर आरपार जाईल. आडवे गज नकोतच, त्यांची शिडी होते. आणि संध्याकाळी सहाला गेटपाशी अर्धा तास थांबा. स्कूलबस आत वळते की मुलं रस्त्यावरच उतरतात, दिसेलच.

प्रश्नकर्ता
धन्यवाद. गज आडवेच आहेत, जाळी बसवून चालेल?

उत्तर ३
चालेल, पण आतल्या बाजूने, खालपासून वरपर्यंत. खाली कुंड्या ठेवू नका.