अनुभव धागा : कोल्हापुरात रोजच्या वाटेवर भेटलेले विज्ञान

मी स्वतःला विज्ञानवेडा म्हणवतो, आणि अभिमानाने म्हणवतो. चहाचे आधण उकळण्याआधी भांडे का गुणगुणते, हा प्रश्न मला पडतो आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत मला चैन पडत नाही. (तळाशी तयार झालेले वाफेचे बुडबुडे वरच्या कमी तापलेल्या पाण्यात शिरताच मिटतात आणि त्या मिटण्याचा तो आवाज असतो, पाणी सर्वत्र तापले की गुणगुण थांबते आणि खळखळ सुरू होते.) अशा सवयीची माणसे कोल्हापुरात पुष्कळ असणार याची मला खात्री आहे, कारण या गावातल्या प्रत्येक धंद्यात कोणी ना कोणी काही ना काही बारकाईने मोजत असते, मग हाती उपकरण असो वा नसो. डॉ. जयंत नारळीकर यांचा जन्म १९३८ साली याच गावात झाला, हे आम्ही शाळकरी वयात एकमेकांना मोठ्या हौसेने सांगत असू. या धाग्यासाठी माझी विनंती एवढीच आहे की जे स्वतः पाहिले किंवा हाताळले त्याविषयीच लिहावे, आणि ‘असे होते’ यावर न थांबता ‘असे का होते’ इथपर्यंत यावे.

सुरुवात मीच करतो.

अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव मी लहानपणापासून पाहत आलो आहे. ९, १० आणि ११ नोव्हेंबरला, तसेच ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळतीची किरणे महाद्वारातून आत येतात, गरुड मंडप, गणपती चौक आणि कासव चौक ओलांडून पितळी उंबऱ्यापाशी पोहोचतात आणि तिथून गाभाऱ्यात शिरतात. पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत, असा क्रम मानला जातो. महाविद्यालयात असताना मला प्रश्न पडला की या दोन मुहूर्तांचे एकमेकांशी नाते काय. दिनदर्शिका घेऊन बसलो आणि पाहतो तो काय, १० नोव्हेंबरपासून २१ डिसेंबरपर्यंत, म्हणजे सूर्य सर्वांत दक्षिणेला पोहोचतो त्या दिवसापर्यंत, ४१ दिवस होतात आणि २१ डिसेंबरपासून ३१ जानेवारीपर्यंतही ४१च दिवस होतात. दक्षिणेकडे सरकताना एकदा आणि उत्तरेकडे परतताना एकदा, असा सूर्य आकाशातल्या त्याच पट्ट्यातून जातो. तेव्हा तो खगोलीय विषुववृत्ताच्या (पृथ्वीचे विषुववृत्त आकाशात ताणले तर होणाऱ्या वर्तुळाच्या) सुमारे १७ अंश दक्षिणेला असतो, आणि आपल्या अक्षांशावरून पाहता नेमक्या पश्चिमेपासून साधारण १८ अंश दक्षिणेला मावळतो.

त्याहूनही मला आनंद देते ते उजेडाचे वर चढणे. सूर्य खाली उतरत असतो आणि उजेड मात्र मूर्तीवर वर सरकत असतो, कारण किरण जसजसे आडवे होत जातात तसतसे ते अधिक आत आणि अधिक वर पोहोचतात. मावळतीची जागा या दिवसांत रोज सुमारे ०.३ अंशाने सरकते. ऐकायला हा आकडा किरकोळ वाटतो, पण १०० मीटर अंतरावर त्याचा अर्धा मीटर होतो, आणि म्हणूनच या सोहळ्याला वर्षात मोजकेच दिवस मिळतात. शिवाय क्षितिजालगतची हवा किरणांना वाकवते, त्यामुळे बिंब क्षितिजाला टेकलेले दिसते त्या क्षणी खरा सूर्य क्षितिजाखाली गेलेला असतो. देवीच्या मुखावर पडणारा शेवटचा उजेड हा वातावरणाने आपल्यापर्यंत वळवून आणलेला उजेड आहे, हे कळल्यापासून त्या दर्शनाचा आनंद माझ्यासाठी दुणावला आहे.

ऊस उत्पादक, करवीर तालुका

आमचे गुऱ्हाळ आजोबांच्या काळापासून चालू आहे. मी कृषी पदवी घेऊन घरी आलो तेव्हा सोबत एक लांब दांड्याचा थर्मामीटर आणला आणि आमच्या गुळव्यांची (गूळ शिजवणाऱ्या कारागिराची) परवानगी घेऊन काहिलीशेजारी उभा राहिलो. त्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो. रसाला पहिली उकळी येते तेव्हा पारा १०० अंशांच्या आसपास असतो आणि बराच वेळ तिथेच रेंगाळतो, कारण चुलवाणातली सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडत असते. पाणी जसे उडून जाते तशी उरलेल्या पाकातली साखर दाट होते आणि त्याचा उत्कलनबिंदू चढू लागतो. १०५-१०६ अंशांच्या आसपास काकवी उतरवता येते, आणि गुळाची काहील उतरवायची वेळ येते ती साधारण ११८ अंशांना. शेवटच्या टप्प्यात हा पारा झपाट्याने चढतो, आणि तिथे थोडासा जरी उशीर झाला तरी रंग काळवंडतो.

मामांची पद्धत अशी : ते फावड्याच्या टोकावरचा पाक थंड पाण्यात सोडतात, बोटांनी त्याची गोळी वळतात आणि ती काहिलीच्या काठावर आपटतात. गोळी चपटी झाली तर अजून अवकाश असतो. टणकन आवाज आला की ते हात वर करतात आणि चिपाडे टाकणारा गडी जाळ ओढतो. मी थर्मामीटर धरून उभा होतो, तेव्हा त्यांचा हात वर गेला आणि माझा पारा ११८ वर होता. ते एवढेच म्हणाले, “आवाज आला न्हवं? मग झालं की.” त्या गोळीत पाणी किती उरले आहे हे ते कानाने मोजत होते, कारण पाणी जास्त असेल तर गोळी थंड झाल्यावरही मऊ राहते आणि कमी झाले की ती काचेसारखी कडक होते.

मळी काढण्यासाठी भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात. तापलेल्या रसात त्याचे लांबलचक रेणू तरंगणाऱ्या कणांना एकत्र बांधतात आणि ती साय वर आली की झाऱ्याने काढून घेता येते. चुन्याचे काम वेगळे आहे. उसाचा रस मुळात आंबटसर असतो, आणि आम्ल व उष्णता एकत्र आली की साखरेचा रेणू फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतात. हे दोन्ही हवेतले पाणी ओढून घेतात, म्हणून तसा गूळ चिकट राहतो आणि त्याचा रवा नीट बसत नाही. तोडून शेतात पडून राहिलेल्या उसाचा गूळ का बिघडतो, याचेही कारण हेच आहे. चुना आम्ल मारतो. मात्र प्रमाणाबाहेर पडला तर गूळ काळा पडतो, आणि हे प्रमाण मामा रसाच्या रंगावरून ठरवतात. उतू जाणारा फेस बसवायला तेलाचे चार थेंब पुरतात, कारण ते फेसाच्या पातळ पापुद्र्यावर पसरून त्याची मजबुती घालवतात. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्यात या जमिनीचा आणि पाण्याचा वाटा आहेच, पण मामांसारख्या माणसांच्या कानांचाही आहे असे मी मनापासून मानतो.

पॅटर्न मेकर, शिरोली औद्योगिक वसाहत

वर गुळाविषयी वाचले आणि आमच्या फाउंड्रीतली भट्टी डोळ्यांसमोर आली. माझ्या पेटीत दोन पट्ट्या असतात. एक तुमच्या-आमच्या कंपासपेटीतली असते, तशीच आहे. दुसरी तिच्याशेजारी ठेवली तर दिसते की तिच्यावरचा प्रत्येक सेंटीमीटर किंचित मोठा आहे. वितळलेले बीड (ओतीव लोखंड) थंड होताना साधारण १ टक्का आकसते, म्हणून ५०० मिलिमीटरचा भाग हवा असेल तर लाकडी पॅटर्न (ज्यावरून वाळूत साचा उठवतात तो नमुना) ५०५ मिलिमीटरचा करावा लागतो. ही वाढीव पट्टी वापरली की प्रत्येक मापाला गुणाकार करत बसावे लागत नाही. पोलादाची पट्टी वेगळी असते, कारण ते सुमारे २ टक्के आकसते. ॲल्युमिनियमचा आकडा या दोहोंच्या मधला आहे.

बीडाची आणखी एक गंमत नव्या मुलांना मी आवर्जून दाखवतो. ओतण्याआधी पाचरीच्या आकाराचा एक लहान तुकडा ओतून, थंड करून, हातोड्याने मोडायचा. पातळ टोकाकडे मोडलेला पृष्ठभाग पांढरा चमकदार दिसतो आणि जाड बाजूकडे करडा दिसतो. धातू तोच आणि ओतलाही एकाच वेळी, पण पातळ टोक झटकन थंड झाल्यामुळे तिथल्या कार्बनला ग्राफाइट होऊन बाहेर पडायला सवड मिळत नाही. तो लोखंडाशी संयुग करून कठीण, ठिसूळ होऊन बसतो. जाड बाजूला वेळ मिळतो, तिथे ग्राफाइटच्या पाकळ्या तयार होतात आणि तो भाग लेथवर सहज कापला जातो. पांढरा पट्टा किती रुंद आहे हे पाहून आमचे मेल्टर भट्टीत काय घालायचे ते ठरवतात. प्रयोगशाळेचा अहवाल येतोच, पण तो तुकडा हातात घेऊन पाहण्याचे समाधान अहवालात नाही.

रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका, राजारामपुरी

आमच्या घरी पाहुणे आले की तांबडा आणि पांढरा दोन्ही रस्से होतात, आणि मी दरवेळी वाटीतल्या कटाकडे पाहत बसते. मिरचीचा लाल रंग आणि तिला तिखटपणा देणारे कॅप्साइसिन हे दोन्ही तेलात विरघळतात, पाण्यात जवळजवळ नाहीच. त्यामुळे दोन्ही कटासोबत वर येऊन तरंगतात. झणझणीत मिसळ खाऊन पाणी पिणाऱ्याचे तोंड शांत होत नाही ते याच कारणाने. तिथे दूध किंवा दही उपयोगी पडते, कारण त्यातले केसीन हे प्रथिन आणि स्निग्धांश त्या कॅप्साइसिनला जिभेवरून उचलून नेतात. पांढऱ्या रश्शातल्या नारळाच्या दुधालाही स्निग्धांशामुळे हे काम थोडेफार साधते. तिखट ही मुळात चव नाही. उष्णतेची जाणीव करून देणारे जे ग्राहक आपल्या चेतातंतूंवर असतात, त्यांनाच कॅप्साइसिन चेतवते, म्हणून तोंड खरोखरच भाजल्याची खबर मेंदूला जाते आणि कपाळाला घाम फुटतो. या ग्राहकाच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. वर्गात हा विषय शिकवताना मी उदाहरण मिसळीचेच देते, आणि मागच्या बाकांवरची मुलेही मान वर करतात.

शुक्रवार पेठेतील रहिवासी

पावसाळ्यात आमच्या घरी सकाळी पहिला प्रश्न असतो, “राजाराम बंधाऱ्यावर किती फूट?” म्हणजे तिथे पंचगंगेचे पाणी किती चढले आहे. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे आमच्या पेठेत लहान मुलांनाही तोंडपाठ आहे. मी वहीत दर काही तासांनी पातळी लिहून आलेख काढतो. त्यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते : पाणी पात्रात असेपर्यंत रेघ उभी चढते, आणि नदी पात्राबाहेर पडली की तीच रेघ आडवी होऊ लागते. पाऊस कमी झाला असे समजून लोक त्या वेळी सुटकेचा श्वास सोडतात, पण येणारे पाणी तेवढेच असू शकते. ते आता चिखली-आंबेवाडीच्या शिवारात पसरत असते, आणि एका इंचासाठी पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक पाणी लागते. म्हणून पुराच्या दिवसांत ‘इंचाइंचाने वाढते आहे’ ही बातमी मी दिलासा म्हणून वाचत नाही.

राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे पातळी भरताच आपोआप उघडतात आणि एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी सुटते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर, म्हणजे एका दरवाजातून सेकंदाला ४० हजार लिटरांहून अधिक. हा हिशेब मी गल्लीतल्या मुलांना फळ्यावर मांडून दाखवला आहे. ते पाणी भोगावती नदीतून आपल्यापर्यंत यायला कित्येक तास लागतात, आणि तेवढा वेळ सामान वरच्या मजल्यावर नेण्यासाठी हाती असतो. २०१९ साली पातळी ५५ फुटांच्या वर गेली तेव्हा शेजारच्या आजींना आम्ही अंधार पडण्याआधीच हलवू शकलो, ते वहीतल्या त्या रेघेवर विश्वास ठेवल्यामुळे.

माजी मल्ल, मंगळवार पेठ

माझे म्हणणे थोडक्यात सांगतो. तालमीत वस्तादांनी सगळ्यात आधी शिकवले ते कंबर खाली ठेवायला. पुढे विज्ञानाच्या पुस्तकात गुरुत्वमध्य हा धडा आला तेव्हा मला तो नवा वाटलाच नाही. धोबीपछाड मारताना आपली कंबर प्रतिस्पर्ध्याच्या गुरुत्वमध्याच्या खाली गेली की ती तरफेचा टेकू होते आणि आपल्याहून जड गडीही खांद्यावरून जातो. कंबर वर राहिली तर ताकद कितीही असो, तो हलत नाही. तांबड्या मातीत आम्ही तेल, ताक, हळद आणि लिंबू घालून ती पुनःपुन्हा फावड्याने वर-खाली करत असू. भुसभुशीत माती पडणाऱ्याला थांबायला थोडा अधिक वेळ देते आणि वेळ वाढला की अंगावर येणारा धक्का कमी होतो.

बारावीची विद्यार्थिनी, कसबा बावडा

मी शून्य सावलीविषयी लिहिते. कोल्हापूर सुमारे १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून मेच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. ऑगस्टमध्ये आपल्याकडे आभाळ भरलेले असते, त्यामुळे खरी संधी मे महिन्यातच मिळते. गेल्या मेमध्ये गच्चीवर बाबांनी प्लास्टिकच्या नळीचा तुकडा ओळंब्याने सरळ उभा करून दिला आणि मी त्याच्या सावलीच्या टोकाशी खडूने खुणा करत गेले. सावली नळीच्या बुडाशी नाहीशी झाली ती १२ वाजता नाही, तर साडेबाराच्या सुमारास. आपले घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर चालते आणि कोल्हापूर ७४.२ अंशांवर आहे. प्रत्येक अंशाला ४ मिनिटे धरली की ३३ मिनिटे होतात, आणि मे महिन्यात सूर्य सरासरी वेळेच्या तीनेक मिनिटे पुढे असल्यामुळे तेवढी वजा होतात. उत्तर जुळले तेव्हा मी आईला गच्चीवर बोलावून सगळे पुन्हा समजावून सांगितले.

पन्हाळा आपल्या पश्चिमेला आहे, त्यामुळे तिथे सूर्य माथ्यावर यायला सुमारे अर्धे मिनिट अधिक लागायला हवे. येत्या मेमध्ये माझी मैत्रीण पन्हाळ्यावर आणि मी बावड्यात, अशा दोघी एकाच दिवशी मोजणार आहोत. नुसत्या सावलीच्या टोकावरून अर्धे मिनिट ओळखता येणार नाही, म्हणून सकाळी आणि दुपारी सावली नेमकी सारख्याच लांबीची होते त्या दोन वेळा टिपून त्यांचा मध्य काढायचा, असे ठरवले आहे. सावलीची कड पुसट येते, ती रेखीव कशी करावी हे इथल्या फाउंड्रीवाल्या काकांनी किंवा आणखी कोणी सांगितले तर आम्हांला फार उपयोग होईल.