खुन्याला डोंगरमाथा मिळाला. जिला मारलं तिचं काय?

रानजाई:
किम की-डुक या कोरियन दिग्दर्शकाचा ‘स्प्रिंग, समर, फॉल, विंटर... अँड स्प्रिंग’ (२००३) परत पाहिला. बौद्ध विचारांवरचा सिनेमा म्हटलं की पहिलं नाव याचंच घेतलं जातं. देखणा आहे, त्यात वाद नाही. दक्षिण कोरियातलं जुसानजी तळं, अठराव्या शतकात शेतीच्या पाण्यासाठी बांधलेलं, आणि त्यावर खास सिनेमासाठी उभारलेला तरंगता मठ. भांडण आहे ते गाभ्याशी. (पुढे कथा उघड केली आहे.)

म्हातारा भिक्खू आणि त्याचा बालशिष्य. पोर मासा, बेडूक आणि साप यांना दोऱ्याने दगड बांधून गंमत बघतं; मासा आणि साप मरतात. तरुणपणी तो उपचारासाठी आलेल्या मुलीपायी मठ सोडतो आणि पुढे बायकोचा खून करून परत येतो. गुरू मांजराची शेपटी शाईत बुडवून मठाच्या फळ्यांवर हृदयसूत्र हे बौद्ध सूत्र लिहितो आणि खुनाच्याच सुरीने ती अक्षरं कोरायला लावतो. मग तुरुंग. हिवाळ्यात सुटून येतो आणि अंगाला जात्याचा दगड बांधून, हातात मूर्ती घेऊन डोंगर चढतो.

यात ती बायको कुठे आहे? गुरूला खून कळतो तो खायचे पदार्थ गुंडाळून आणलेल्या वर्तमानपत्रातून. आम्हालाही तेवढंच. ती बहुधा उन्हाळ्याच्या भागात उपचाराला आलेलीच मुलगी, पण तिची बाजू ऐकायला मिळत नाही. ती दुसऱ्याकडे गेली म्हणून हा आक्रोश करतो, तर गुरू समजावतो की आपल्याला जे आवडतं ते इतरांनाही आवडणार, आवडीचं सोडून देता आलं पाहिजे. आसक्ती सोड, हे बरोबरच. पण ती माणूस होती, तिला जायचा हक्क होता, हे तो म्हातारा एकदाही बोलत नाही.

प्रायश्चित्ताने करणाऱ्याचं मन धुऊन निघत असेल. जिचा जीव गेला तिच्यापर्यंत त्यातलं काहीही पोचत नाही. धर्म देऊ शकतो त्या मुक्तीची हद्द इथे संपते असं मला वाटतं. आणि हा सिनेमा ती हद्द दाखवायचं सोडून डोंगरावरच्या सुंदर गाण्याखाली झाकतो.

पिंपळपान:
पूर्ण असहमत. मुक्ती मिळाली असं सिनेमा म्हणतो कुठे? शेवटचा वसंत आठवा. नवं पोर, तोच मठ, आणि ते पोर कासवाला छळत बसलेलं. डोंगरावर मूर्ती नेल्याने पुढच्या पिढीतली क्रूरता एका तिळानेही कमी झालेली नाही. हद्द याहून स्पष्ट कशी दाखवायची?

सूत्र कोरण्याचा प्रसंगही नीट बघा. पकडायला आलेले दोन पोलीस रात्रभर थांबतात, पण सकाळी त्याला घेऊनच जातात. कायद्याची शिक्षा धर्माने माफ करून घेतलेली नाही. सूत्राने त्याचा राग निवला, बस. त्याआधी तो तोंडावर कागद चिकटवून जीव द्यायला निघतो, तेव्हा गुरू काठीने फोडून काढतो. दुसऱ्याचा जीव घेतलास म्हणून स्वतःचाही घेऊन मोकळा होशील, तर ते चालणार नाही, असा त्या माराचा अर्थ आहे. मरून सुटायचं नाही, जगून भोगायचं. याला झाकणं म्हणत नाहीत.

निळी_पाखरं:
जय भीम. दोघांनीही एक गृहीत धरलंय, की बुद्धाचा धम्म मुक्ती वाटतो. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मध्ये स्वच्छ लिहिलंय की बुद्ध मार्गदाता आहे, मोक्षदाता नाही. म्हणून ‘धर्म वाचवू शकला नाही’ ही तक्रारच धम्माला लागू होत नाही.

खुन्याचं काय करायचं हा प्रश्न आपल्याकडे अडीच हजार वर्षं जुना आहे. माणसं मारून त्यांच्या बोटांची माळ घालणाऱ्या अंगुलिमालाची गोष्ट शाळेत शिकवतात ती ‘दरोडेखोर शरण आला’ इथे संपते. मज्झिम निकाय या पाली ग्रंथातलं सुत्त तिथे संपत नाही. राजा प्रसेनजित त्याला पकडत नाही हे खरं. पण अर्हत झाल्यावरही, म्हणजे निर्वाण गाठल्यावरही, तो श्रावस्तीत भिक्षेला जातो तेव्हा त्याला ढेकळं, काठ्या, दगड बसतात. डोकं फुटलेलं, पात्र मोडलेलं, चीवर (भिक्खूचं वस्त्र) फाटलेलं, असा तो बुद्धाकडे येतो. बुद्ध लोकांना दोष देत नाही. सहन कर, म्हणतो. ज्या कर्माचं फळ हजारो वर्षं नरकात भोगावं लागलं असतं ते तू इथेच भोगतो आहेस.

विनयातल्या, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथातल्या, महावग्गात याच्याही पुढची नोंद आहे. त्याला भिक्खूच्या वेशात पाहून लोक घाबरायचे, पळायचे, दारं लावून घ्यायचे. त्यांनी तक्रार केली आणि बुद्धाने नियम केला की यापुढे असल्या कुख्यात चोराला प्रव्रज्या (भिक्खूची दीक्षा) द्यायची नाही. म्हणजे एका माणसाचं परिवर्तन खरं मानूनही बुद्धाने घाबरलेल्या लोकांचं ऐकलं. रानजाईताई, तुम्ही मागताय ते मूळ परंपरेत आहे. सिनेमावाल्यांनी ते उचललं नाही.

जुना_प्रेक्षक:
रानजाईंना +१. कोन इचिकावा यांचा ‘द बर्मीज हार्प’ (१९५६) घ्या. युद्ध हरल्यावर मिझुशिमा हा जपानी सैनिक बर्मात भिक्खू होतो आणि बेवारस पडलेली प्रेतं पुरत राहतो. मला तो सिनेमा अतिशय प्रिय आहे. तरी त्याची करुणा मुख्यतः आपल्याच मेलेल्या सैनिकांसाठी आहे, आणि जपानी ताब्यात बर्मी माणसांनी काय सोसलं ते जवळपास गैरहजर आहे. चीवर आलं की कॅमेरा पश्चात्ताप करणाऱ्याच्या चेहऱ्यावरून हलत नाही, हा या सिनेमांचा जुना दोष आहे.

किमबद्दल एक बोलायलाच हवं. हिवाळ्यातला प्रायश्चित्त घेणारा माणूस त्याने स्वतः साकारला आहे. २०१८ मध्ये अभिनेत्रींनी त्याच्यावर लैंगिक अत्याचाराचे गंभीर आरोप केले. ते त्याने नाकारले, आणि २०२० च्या डिसेंबरात तो लात्वियात कोविडने गेला. हे कळल्यावर तो डोंगर चढताना मला पूर्वीसारखा बघवत नाही.

पिंपळपान:
आरोप गंभीर आहेत, त्यांची बाजू मी घेणार नाही. पण सिनेमाचा अर्थ त्यावरून लावू नये. २००३ साली ज्यांना हा सिनेमा भिडला ते मूर्ख नव्हते.

रानजाई:
निळी_पाखरं, मनापासून आभार. महावग्गातली नोंद मला ठाऊक नव्हती, आणि माझ्या म्हणण्याला तिने पायाच दिला.

पिंपळपान, कासवाचा मुद्दा मान्य, तो शेवट खरोखर कठोर आहे. पण त्यातूनही एवढंच कळतं की दुष्टपणा ऋतूसारखा फिरून येतो. ऋतूला जबाबदार धरता येत नाही. खुनाला धरावंच लागतं. नवरे बायकांना मारतात ते शरद आला म्हणून नाही, त्यांना त्या आपल्या मालकीच्या वाटतात म्हणून.

हिवाळ्यातली दुसरी बाई बघा. तोंडाला फडकं गुंडाळून येते, बाळ ठेवून रात्री निघते आणि यानेच पाण्यासाठी बर्फात पाडलेल्या भोकात पडून मरते. प्रेत वर काढून तो फडकं उचलतो, तर दिसतं काय, बुद्धाच्या मूर्तीचं शीर. मेल्यावरसुद्धा तिला स्वतःचा चेहरा नाही! तिच्या मरणाचं लगेच प्रतीक झालं, आणि ते प्रतीकही त्याच्या साधनेच्या कामी आलं. मला याचा राग येतो आणि तो राग मला योग्य वाटतो.

अंगुलिमालावर उद्या कुणी सिनेमा काढला तर दारं लावून घेणाऱ्या घरांपासून सुरुवात करावी. आत कोण आहे, कुणाची बोटं तोडली गेली, तो भिक्षेला दाराशी उभा राहिला की त्या घरातल्या आईने काय करायचं, हे दाखवावं.

पिंपळपान:
तो सिनेमा मी पहिल्या दिवशी बघेन. तरीही खुन्याच्या आत काय चालतं हे दाखवणारा सिनेमा त्यामुळे खोटा ठरत नाही. मारल्या गेलेल्या माणसाची बाजू सांगणं हे न्यायालयाचं, पत्रकाराचं आणि दुसऱ्या एखाद्या सिनेमाचं काम आहे. हातून खून झालेला माणूस दुसऱ्या दिवशी कसा जगतो, हा प्रश्न किमने घेतला आणि अर्धवट सोडला नाही. फडक्याखालच्या मूर्तीबद्दल मात्र तुम्ही म्हणता ते खोडायला माझ्याकडे काही नाही. तो प्रसंग मी परत बघतो.

निळी_पाखरं:
पिंपळपान दादा, बघाल तेव्हा हेही बघा की त्या मठात खुन्याला दगड मारणारं कुणीच येत नाही. चारी बाजूंनी पाणी. अंगुलिमालाला रोज श्रावस्तीच्या रस्त्यावरून, त्याने ज्यांची माणसं मारली त्यांच्या दारावरून जावं लागत होतं. प्रायश्चित्त तळ्यात बसून करणं आणि गावात राहून करणं यात माझ्या लेखी फार फरक आहे.