मदत हवी आहे: छोट्या एटीव्हीने ड्राइव्हवेवरचा बर्फ निघेल का?

हॅनकॉककर

मंडळी, नमस्कार. इतकी वर्षं होटनमध्ये भाड्याने राहिलो, बर्फ काढणं ही घरमालकाची डोकेदुखी होती. या उन्हाळ्यात पूल ओलांडून हॅनकॉकच्या बाहेर घर घेतलं आणि डोकेदुखी आमच्या नावावर झाली. ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी: मिशिगनचं वरचं टोक, लेक सुपीरियरमध्ये घुसलेला कीविनॉ द्वीपकल्प. हिवाळाभरात 200 इंचांच्या वर बर्फ पडणं इथे नेहमीचंच. 1978-79 साली 390.4 इंच पडला होता, त्याची उंच पाटी हायवेला लावून ठेवली आहे, कौतुकाने.

ड्राइव्हवे साधारण 150 फूट लांब, 12 फूट रुंद, खडीचा, रस्त्याकडे हलका उतार. वर जाताना डावीकडे घर आणि प्रोपेनची टाकी, उजवीकडे मोकळं, पण त्यातल्या बऱ्याचशा जागेखाली सेप्टिकचं फील्ड (घरातलं सांडपाणी जमिनीत मुरवणारे पाइप) आहे.

शेजारचे आजोबा त्यांची एटीव्ही (जाड टायरची, हँडलने चालवायची छोटी चारचाकी), होंडा रीकॉन, विकताहेत. 250 म्हणतात तिला, इंजिन 229 सीसीचं, ड्राइव्ह फक्त मागच्या चाकांना. प्लाऊ (बर्फ ढकलायचं पुढचं ब्लेड) नाही, तो आपण बसवायचा. यजमान आठवड्यातले काही दिवस मार्क्वेटला असतात, म्हणजे सकाळी ऑफिसला निघण्याआधी बर्फ मलाच काढायचा आहे. ही गाडी पुरेल का? की सरळ स्नोब्लोअर घेऊ? कृपया "पिकअप घ्या" सुचवू नये, बजेट नाही. चिरंजीव आठवीत आहेत आणि एटीव्हीच्या बाजूने मतदान करून मोकळे झालेत.

दुलुथचा दिनू

ताई, पुरेल, पण कधीपर्यंत ते विचारा. तुमच्या ड्राइव्हवेवर सहा इंच बर्फ म्हणजे 900 घनफूट, साधारण 25 घनमीटर. तलावावरून येणारा ताजा, भुसभुशीत बर्फ घनमीटरला 80-100 किलो धरा, म्हणजे दोन-अडीच टन. तोच मार्चमधला ओला असेल तर 300 किलोच्या घरात जातो, सात टनांच्या पुढे.

पेठकरी

माझा बर्फाशी संबंध उसाच्या रसापुरता. पण 200 किलोची गाडी सात टन ढकलणार कशी? शंका खरी आहे, गंमत नाही.

दुलुथचा दिनू

@पेठकरी, एकदम ढकलायचा नसतोच. ब्लेड तिरकं लावायचं, म्हणजे बर्फ पुढे साठत न जाता कडेला सांडत जातो. मधून सुरुवात करून एकेक पट्टा बाहेर सरकवायचा. आणि वादळ संपायची वाट बघायची नाही. तीन-चार इंच साठला की एक फेरी. रात्रभर पडला तर पहाटे उठणं आलंच.

ताई, या गाडीला 48 इंची ब्लेड पुरे. 60 इंची स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका, बर्फ भरल्यावर मागची चाकं जागच्या जागी फिरतील. 48 इंची ब्लेड 30 अंशात वळवलं की प्रत्यक्ष पट्टा 41-42 इंचांचा उरतो, म्हणजे जेमतेम गाडीच्या रुंदीएवढा. याहून लहान घेतलंत तर चाकं न काढलेल्या बर्फावर चढतील.

टू-व्हील ड्राइव्हची खरी अडचण वेगळीच आहे. ब्लेड उचललं की सगळं वजन पुढे लटकतं आणि मागची चाकं हलकी होतात, नेमकी तीच जी गाडी ढकलतात. म्हणून मागच्या चाकांना चेन्स (टायरवर चढवायच्या साखळ्या) आणि मागच्या रॅकवर वाळूच्या पिशव्या, रॅकची मर्यादा मॅन्युअलमध्ये बघून. चेन्सशिवाय तुमच्या उतारावर ती खाली जाईल, वर येणार नाही. पहिल्या गिअरमध्येच ढकला. वरच्या गिअरमध्ये रेटत राहिलात तर क्लच जळतो.

सडबरीकर

ऑन्टारिओतून लिहितोय, आमच्याकडेही खडीच आहे. जमीन पक्की गोठेपर्यंत ब्लेड टेकवून चालवलंत तर एप्रिलमध्ये हिरवळीतून खडी वेचत बसाल. ब्लेडखालचे स्किड शूज खाली करून इंचभर उंच ठेवा. पहिल्या एक-दोन बर्फांत तळाचा थर राहू दे, तो दबून गोठला की त्याच्यावरून चालवा. लोखंडी पाइप उभा चिरून ब्लेडच्या धारेवर चढवतात, खडीत धार रुतत नाही. आणि ब्लेडला ट्रिप स्प्रिंग हव्यातच. दगडावर आपटलं की ब्लेड पुढे लवतं, नाहीतर तुम्ही हँडलवर.

ब्लेड उचलायला विंच (मोटरने दोर गुंडाळणारं यंत्र) लागेल. त्यावर तारेचा दोर असला तर काढून सिंथेटिक घाला. प्लाऊसाठी तोच फूटभर तुकडा सारखा वरखाली होतो, तार तिथेच पिंजते आणि हातात घुसते. बॅटरीही बघून घ्या. इंजिन मंद फिरत असताना सारखी विंच चालवली की चार्जिंग पुरत नाही.

माझं मत विचाराल तर फोर-व्हील ड्राइव्हची, 400 सीसीच्या आसपासची जुनी गाडी शोधा. रँचर 420 अडीचशे किलोंच्या वर भरते, ते वजनच कामाला येतं.

टेकवाला

मी मिशिगन टेक विद्यापीठाचा, चार हिवाळे होटनमध्ये काढलेत. वरचे सगळे ढकलण्याबद्दल बोलताहेत. ढकललेला बर्फ जानेवारीत जाणार कुठे?

दुलुथला जितका पडतो त्याच्या दुपटीहून जास्त तिकडे पडतो, आणि मधे वितळत नाही. दर फेरीला कडेचा बांध थोडा आत सरकतो, गोठून दगड होतो. 12 फुटांचा रस्ता फेब्रुवारीत आठ फुटांचा होतो. मोठा ट्रक तो बांध मागे रेटतो किंवा वर चढवतो. 200 किलोच्या गाडीला ब्लेड जास्तीत जास्त फूट-दीड फूट उचलता येतं, ढिगावर ढीग रचणं तिच्या कुवतीबाहेरचं. कीविनॉत घरोघरी टू-स्टेज स्नोब्लोअर (आधी बर्फ आत ओढणारा, मग पंख्याने फेकणारा) दिसतो तो उगाच नाही. तो बर्फ उचलून 30-40 फूट लांब फेकतो, बांध कितीही वाढो. सिंगल-स्टेज मात्र घेऊ नका, त्याचं पातं जमिनीला घासतं आणि खडी फेकतं.

सेप्टिकबद्दल कोणीच बोललं नाही. त्या फील्डवरून एटीव्ही नेऊ नका. भुसभुशीत बर्फ ही त्या पाइपांची गोधडी आहे. चाकांनी दाबलात की थंडी खाली उतरते आणि भर जानेवारीत लाइन गोठते. म्हणजे उजवीकडे ढकलायला जी जागा दिसते आहे तिच्यातली बरीचशी वापरताच येणार नाही. डावीकडे प्रोपेनचा रेग्युलेटर बर्फाखाली गेलेला चालत नाही. मग उरलं काय?

रस्ता ओलांडून पलीकडे नेऊ म्हणाल, तर रस्त्यावर बर्फ टाकायला मिशिगनच्या कायद्याने मनाई आहे.

हॅनकॉककर

सेप्टिकचं लक्षातच आलं नव्हतं, फार फार आभार. काल टेप घेऊन मोजलं. उजवीकडे फील्डच्या आधी नऊ-दहा फुटांची पट्टी मिळते, आणि गॅरेजसमोर एक मोकळा कोपरा आहे. डिसेंबरचं भागेल, पुढचं नाही, हे पटलं.

आजोबांनाही विचारलं. म्हणाले, ते स्वतः एटीव्ही लाकडं ओढायलाच वापरायचे. बर्फासाठी ब्लोअर आणि ढकलायचा रुंद स्कूप, तो इथला प्रसिद्ध यूपर स्कूप. हे विकणाऱ्याने सांगावं, म्हणजे माणूस सरळ आहे.

प्लाऊचं ब्लेड, माउंट, विंच, चेन्स मिळून गाडीच्या किमतीवर आणखी पाचेकशे डॉलर तरी जाताहेत. त्यात जुना, बरा टू-स्टेज ब्लोअर येतो. तर आधी ब्लोअर घेते. पण 150 फूट ब्लोअरमागे चालणं म्हणजे रोजचा तास, हेही दिसतंय. हलक्या तीन-चार इंचांसाठी एटीव्ही आणि मोठ्या बर्फाला, रस्त्याच्या तोंडाशी ब्लोअर, असं जमेल का?

टेकवाला

उत्तम जमेल, बरेच जण तेच करतात. काउंटीचा प्लाऊ तुमच्या तोंडाशी जो गच्च बांध घालून जातो त्याच्यावर रीकॉन धडकवू नका, माउंट वाकेल. तो ब्लोअरनेच, आणि लगेच, गोठायच्या आत. एटीव्हीने सुरुवातीपासून 12 नाही, 16 फूट मोकळे करत जा, बांधाला आत सरकायला जागा राहते. ऑक्टोबर संपायच्या आत दोन्ही कडांना आणि फील्डच्या हद्दीला उंच काठ्या ठोका. नंतर जमीन घेत नाही.

चिरंजीवांना सांगा, एवढ्या गाडीवर 16 वर्षांखालच्यांनी बसू नये असं लेबल असतं. त्यांच्यासाठी यूपर स्कूप आहे.

हॅनकॉककर

वाचून दाखवलं. मतदान मागे घेतलं गेलं. :) शेवटचा प्रश्न: चेन्समध्ये टू-लिंक आणि फोर-लिंक दिसतात, कुठल्या घेऊ?

दुलुथचा दिनू

टू-लिंक, म्हणजे दर दोन कड्यांनंतर आडवी साखळी. त्या जवळजवळ येतात, पकड जास्त आणि धक्के कमी. टायरचा नंबर बघून मागवा. टायरमध्ये नेहमीची हवा भरून मगच चढवा, थोडं चालवून परत ताणा, आणि वरून रबरी टेन्शनर लावा. पहिल्यांदा फेंडरला घासत नाहीत ना, तेवढं हाताने चाक फिरवून बघा.