रविवारच्या शास्त्रवाचनात गाळलेली वचने : ऐकणाऱ्यांनी काय करावे?

राजारामपुरीची वाचक (प्रश्न)

सर्वांना सलाम.

कोल्हापुरात राजारामपुरीतील एका घराच्या दिवाणखान्यात आम्ही पंधरा-वीस जण दर रविवारी संध्याकाळी उपासनेसाठी जमतो. आमच्यात मिशन कंपाउंडात वाढलेली माणसे आहेत, आंतरधर्मीय लग्न केलेली दोन जोडपी आहेत, मुलासोबत येणारी आणि अजूनही अंबाबाईचा शुक्रवार धरणारी एक आई आहे, आणि यल्लमा देवीला वाहिलेल्या जोगत्यांच्या परंपरेत वाढलेली व आता तृतीयपंथी म्हणून उघडपणे जगणारी आमची एक मैत्रीण आहे. कोण कोणत्या मंडळीतून आणि कशामुळे बाहेर पडले, हे आम्ही विचारत नाही. वाचनाच्या बाबतीत मात्र आम्ही स्वतःच्या आवडीनिवडीवर विसंबत नाही. अनेक देशांतील प्रॉटेस्टंट मंडळ्या वापरतात तीच तीन वर्षांची सुधारित सामाईक लेक्शनरी, म्हणजे रविवारच्या वाचनांचा ठरलेला क्रम, आम्ही पाळतो, आणि जुना करार, स्तोत्र, पत्र व शुभवर्तमान अशी त्या आठवड्याची चार वाचने मी कागदावर छापून आणते.

मत्तयाच्या वर्षी, म्हणजे तीन वर्षांपैकी ज्या वर्षी मत्तयाचे शुभवर्तमान वाचतात त्या वर्षी, ऑगस्टच्या मध्यावर येणाऱ्या एका रविवारी यशयाच्या ५६व्या अध्यायातील पहिले वचन आणि त्यानंतर एकदम ६ ते ८ ही वचने लावलेली आहेत. वाचन झाले, परदेशीयांनाही परमेश्वराच्या घरात जागा आहे हे सर्वांनी ऐकले, आणि नेहमीप्रमाणे आम्ही दोन मिनिटे शांत बसलो. त्या शांततेत आमच्या मैत्रिणीने फोनवर तो अध्याय उघडला होता. तिने विचारले, “एकनंतर सहा कसे? मधली चार वचने कुठे गेली?” मग तिने ती स्वतःच वाचून दाखवली. षंढाने ‘मी शुष्क वृक्ष आहे’ असे म्हणू नये, त्याला परमेश्वर आपल्या घरात पुत्र व कन्या यांच्याहून उत्तम असे नाव देईल, हे अभिवचन नेमके त्याच गाळलेल्या भागात आहे.

कोणालाच उत्तर देता आले नाही. कागद मीच छापला होता आणि ती फट माझ्याही लक्षात आली नव्हती, याची मला अधिक लाज वाटली. माझे प्रश्न असे आहेत. हा क्रम कोणी आणि कशाच्या आधारे ठरवला? तो बदलण्याचा अधिकार आमच्यासारख्या लहान गटाला आहे का? आणि ज्यांना पूर्वी याच ग्रंथाच्या आधारे दाराबाहेर ठेवले गेले, त्यांच्यासोबत बसून शास्त्रवाचन ऐकायचे कसे?

मिरजेकडील निवृत्त पाळक

ताई, सलाम. पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडे विस्ताराने देतो, कारण आमच्या पिढीतील अनेक पाळकांनीही या क्रमाचा इतिहास कधी तपासला नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर रोमन कॅथोलिक मंडळीने १९६९ मध्ये रविवारच्या वाचनांचा तीन वर्षांचा नवा क्रम जाहीर केला. पहिल्या वर्षी मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क आणि तिसऱ्या वर्षी लूक अशी त्याची मांडणी असून योहान तिन्ही वर्षांत, विशेषतः पुनरुत्थानाच्या (ईस्टरच्या) काळात, विखुरलेला आहे. उत्तर अमेरिकेतील प्रॉटेस्टंट मंडळ्यांना ही मांडणी आवडली. त्यांनी कॅथोलिकांसह तिच्यावर काम करून १९८३ मध्ये एक सामाईक क्रम चाचणीसाठी काढला आणि १९९२ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती प्रसिद्ध केली. तुम्ही वापरता ती हीच. वर्ष जानेवारीत नव्हे, तर नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी सुरू होते, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

पेन्टेकॉस्टनंतरच्या, म्हणजे ईस्टरचा काळ संपल्यानंतरच्या, महिन्यांत जुन्या कराराच्या वाचनासाठी या क्रमात दोन वाटा दिल्या आहेत. एका वाटेने एखादी कथा आठवड्यामागून आठवडे सलग ऐकली जाते. तुम्ही म्हणता त्या रविवारी त्या वाटेवर योसेफ आपल्या भावांना ओळख देतो. दुसऱ्या वाटेने शुभवर्तमानाशी जुळणारा उतारा निवडला जातो. त्या दिवशीचे शुभवर्तमान कनानी स्त्रीचे, म्हणजे परक्या बाईचे आहे, म्हणून यशयातील परक्यांविषयीची वचने घेतली आणि षंढांविषयीची विषयात बसत नाहीत म्हणून वगळली, असे दिसते. यात कोणाचा दुष्ट हेतू असेल असे मला वाटत नाही. शिंपी मापाप्रमाणे कापड कापतो तसे हे झाले आहे. प्रत्येक फटीमागे कट शोधू नये, यासाठी एक गमतीचे उदाहरण देतो. नहेम्याच्या ८व्या अध्यायातून चौथे आणि सातवे वचन वगळले आहे, आणि ती दोन्ही वचने उघडून पाहिली तर त्यांत बहुतांशी अवघड नावांची रांग आढळते. ज्याने कधी भर उपासनेत ती नावे वाचण्याचा प्रयत्न केला आहे, तो संपादकांना मनापासून दुवा देईल.

आता अधिकाराविषयी. हा क्रम म्हणजे शास्त्र नव्हे. तो शास्त्राची सेवा करतो. उतारा वाढवून वाचण्यास कोणतीही आडकाठी नाही. पुढच्या वेळी १ ते ८ ही वचने सलग वाचा. शिवाय मार्काच्या वर्षी पुनरुत्थानाच्या पाचव्या रविवारी प्रेषितांच्या कृत्यांतील कूशी अधिकाऱ्याची संपूर्ण कथा येते, तिच्याकडेही लक्ष ठेवा. तो षंढ होता, यरुशलेमेहून उपासना करून परतत होता आणि रथात बसून यशयाच वाचत होता. येशूचा अनुयायी फिलिप्प भेटला तेव्हा त्याच्यापुढे ५३वा अध्याय होता. तसाच पुढे वाचत गेला असता, तर तीन अध्यायांनंतर त्याला स्वतःविषयीचे अभिवचन भेटले असते.

कसबा बावड्यातील परिचारिका

पाळकसाहेबांचा आदर ठेवून थोडे वेगळे लिहिते. ‘सर्व काही सलग वाचा’ हा सल्ला यशयाच्या ५६व्या अध्यायाला शोभतो, कारण तेथे गाळलेला भाग जखम भरून काढणारा आहे. पण जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २३व्या अध्यायातील पहिले वचन त्याच माणसांना मंडळीत येण्यास मनाई करते, १३७व्या स्तोत्राचा शेवट शत्रूच्या लेकरांना खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हणतो, आणि तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय स्त्रीने शिकवू नये असे सांगतो. तो अध्याय लेक्शनरीत सातव्या वचनावर, म्हणजे ही मनाई येण्याआधीच, थांबतो, आणि मला त्याचे वाईट वाटत नाही. पुस्तक वाचताना माणूस पान उलटू शकतो, मात्र ऐकताना त्याच्या हाती काही नसते. ज्याने घरात मार खाताना हीच वचने ऐकली, तो पहिल्यांदाच तुमच्या दिवाणखान्यात आला आणि तेच शब्द उभ्या राहिलेल्या माणसाच्या तोंडून त्याच्या कानी पडले, तर वाचनानंतरचे तुमचे समंजस विवेचन ऐकायला तो थांबणार नाही.

आणि गाळणे हे पाप असेल तर नासरेथच्या सभास्थानात काय घडले ते पाहा. लूक सांगतो की येशूने यशयाचा ग्रंथ उघडला, परमेश्वराच्या प्रसादाच्या वर्षाची घोषणा वाचली आणि ग्रंथ गुंडाळून ठेवला. यशयाच्या ६१व्या अध्यायात ते वाक्य तेथे संपत नाही. त्याच वाक्यात पुढे देवाच्या सूड घेण्याच्या दिवसाचा उल्लेख आहे, आणि तो येशूने वाचला नाही. कठीण वचने बुधवारच्या अभ्यासवर्गात चार माणसांनी मिळून वाचावीत, तेथे वाद घालता येतो. रविवार त्यासाठी नसावा.

उचगावचा एक वाचक

परिचारिकाताईंची काळजी रास्त आहे, पण गाळण्याने नेहमीच इजा टळते असे नाही, कधी ती वाढते. मत्तयाच्या वर्षी पुनरुत्थानाच्या चौथ्या रविवारी पेत्राचे पहिले पत्र, अध्याय २, वचन १९ ते २५ वाचले जाते. अन्याय सोसून दुःख भोगणे हे देवाला मान्य आहे, असा त्याचा आशय आहे. माझ्या आजोबांना गावच्या शिवेबाहेर राहावे लागत होते, आणि हा उतारा त्यांनी आयुष्यभर स्वतःला उद्देशून ऐकला. १८वे वचन कधी मोठ्याने वाचले गेले असते तर त्यांना समजले असते की हे बोलणे दासांशी चालले आहे आणि धन्यांच्या अधीन राहा असे त्यांना सांगितले जात आहे. मग निदान ‘मी कोणाचा दास नाही’ असे म्हणण्याची जागा त्यांना मिळाली असती. कोणाला सांगितले हे काढून टाकले की एका काळातील गुलामांना केलेला उपदेश सगळ्याच सोसणाऱ्यांना लागू होतो. ज्या शहरात शाहू महाराजांनी १९०२ मध्ये मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवल्या, त्या शहरात तरी हा उतारा १८व्या वचनापासून वाचला जावा, अशी माझी इच्छा आहे.

निवृत्त मराठी शिक्षिका, शाहूपुरी

प्रश्न ऐकण्याविषयीचा होता आणि चर्चा वाचण्याकडे वळली आहे, म्हणून लिहिते. राजारामपुरीच्या ताईंनी छापलेले कागद आधी बाजूला ठेवावेत, असे मी सुचवीन. प्रत्येकाची नजर ओळीवरून फिरत असेल तर वाचणाऱ्याचा आवाज फक्त मागे राहतो. वीस माणसे एकाच खोलीत बसून वीस वेगवेगळी वाचने करतात.

आपल्याकडे नवविधा भक्तीत पहिले नाव श्रवणाचे आहे. चातुर्मासात पोथी लावली की एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात, आणि ज्यांना अक्षर येत नाही तेही अध्याय कुठवर आला हे बरोबर सांगतात. मराठी ख्रिस्ती माणसाला ही रीत परकी नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले ते गोव्याकडील ख्रिस्ती लोकांना देवळात वाचून दाखवता यावे म्हणूनच. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे सोपे मराठी भाषांतर केले आणि १९२२ मध्ये मृत्यूच्या अगदी आधी ते पुरे केले, त्यामागेही साध्या बाईला ऐकताक्षणी कळावे हीच तळमळ होती. खुद्द नहेम्याच्या ज्या अध्यायातील नावे गाळल्याचे पाळकसाहेबांनी सांगितले, त्यात एज्रा शास्त्री पहाटेपासून दुपारपर्यंत वाचतो, पुरुष, स्त्रिया आणि समजू शकणारे सगळे कान देऊन ऐकतात, आणि मंदिराची सेवा करणारे लेवी त्यांना अर्थ उलगडून सांगतात. कूशी अधिकारीही मोठ्यानेच वाचत होता, नाहीतर फिलिप्पाला ते ऐकू कसे गेले असते?

नासरेथच्या प्रसंगाबद्दल परिचारिकाबाईंचे निरीक्षण मला फार आवडले, पण त्यावरून मी वेगळा निष्कर्ष काढते. त्या सभास्थानातील कित्येकांना यशया तोंडपाठ असावा. वाक्य अर्ध्यावर थांबले हे त्यांना कळले असणार, म्हणजे जे वाचले नाही तेही त्यांना ऐकू आले. आपल्या कागदावर छापलेले ‘१, ६–८’ हे आकडे मात्र कानाला दिसत नाहीत. तेव्हा वचने गाळायचीच असतील तर वाचणाऱ्याने तेवढे मोठ्याने सांगावे की येथे चार वचने सोडली आहेत आणि ती अमुक माणसांविषयी आहेत. ज्यांना ती ऐकायची नाहीत त्यांना ऐकावी लागणार नाहीत, आणि ज्यांच्याविषयी ती आहेत त्यांना आपण गाळले गेलो हे फोनवरून कळणार नाही.

‘षंढ’ या शब्दाबद्दल थोडेसे. मूळ हिब्रू ‘सारीस’ हा दरबारातील अधिकाऱ्यासाठीही वापरला जातो, आणि ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ शय्यागृहाचा रक्षक असा आहे. मराठीत मात्र तो शब्द भांडणात पुरुषाच्या अंगावर फेकण्यापुरता उरला आहे. जुना दरबारी शब्द ‘खोजा’ सुचतो, पण तो आज एका मुस्लिम समाजाचे नाव म्हणून ओळखला जातो. ‘तृतीयपंथी’ म्हटले तर आजचा अर्थ प्राचीन माणसावर लादला जातो. मला यावर समाधानकारक तोड सापडलेली नाही, आणि ती माझ्यासारखीने शोधावी की नाही याचीही शंका आहे.

राजारामपुरीची वाचक

सर्वांचे आभार. काय झाले ते कळवते.

गेल्या रविवारी पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकत होते, त्यामुळे नदीपलीकडचे लोक आलेच नाहीत आणि आम्ही नऊ जणच होतो. कागद वाटले नाहीत. ५६वा अध्याय १ ते ८ असा सलग वाचायचे ठरले होते आणि वाचन कोणी करावे हे मी आमच्या मैत्रिणीलाच विचारले. शब्द बदलायचा का, हेही तिलाच विचारले. तिने सांगितले की ही शिवी तिने यल्लमाच्या सौंदत्तीच्या वाटेवर, एस.टी.त आणि सरकारी कचेरीत ऐकलेली आहे, म्हणून ती येथे जशीच्या तशी उच्चारली जावी. पुढच्या ओळीत देव ज्याला नाव देतो तो माणूस हाच, हे लोकांना कळले पाहिजे. तिने वाचले. तो शब्द आला तेव्हा ती थांबली नाही, ‘नाव’ हा शब्द आला तेव्हा मात्र थांबली. नाझींनी मारलेल्या ज्यूंच्या यरुशलेमेतील याद वाशेम (‘स्मारक आणि नाव’) या स्मारकाचे नाव याच वचनातून घेतले आहे, एवढे मी नंतर सांगितले, बाकी कोणी विवेचन केले नाही.

परिचारिकाताईंची सूचनाही स्वीकारली आहे. १३७वे स्तोत्र आणि त्यासारखी वचने बुधवारी ठेवू, आणि रविवारी काही सोडले तर शाहूपुरीच्या बाईंनी सुचवल्याप्रमाणे ते मोठ्याने सांगू. पेत्राचे पत्र यापुढे १८व्या वचनापासून वाचले जाईल. पुढच्या तीन महिन्यांच्या वाचनांची यादी मी छापलेली नाही, कारण कुठे कुठे आकडे उडी मारतात ते तपासण्यासाठी आमच्या मैत्रिणीने ती घरी नेली आहे. काल रात्री तिचा निरोप आला की आतापर्यंत अकरा फटी सापडल्या असून त्यांपैकी तीन ठिकाणी फक्त अवघड नावे आहेत.