‘फुलेसनी माय’: माझी टिपणं चुकीसकट दुसऱ्याच्या नावावर छापली

बोरीकाठची सून

नमस्कार मंडळी. माहेर सातारा, सासर अमळनेर, लग्नाला अठरा वर्षं झाली.

२०१९च्या श्रावणात आमच्या गल्लीतल्या एका आजींकडून मी कानबाईची, म्हणजे इकडच्या खानदेशातल्या देवीची, चौदा गाणी उतरवून घेतली. नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी कानबाई बसते, रात्रभर जागरण, सोमवारी सकाळी विसर्जन. त्या रात्री बाया एकामागून एक गाणी म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी विचारलं तर दोन ओळींपुढे कुणाला आठवत नाही. या आजींना सगळी येतात. पाच दुपारी त्यांच्या ओट्यावर बसून मोबाईलवर आवाज भरला आणि रात्री घरचं आवरल्यावर वहीत लिहिलं. माझी अहिराणी, म्हणजे इकडची बोली, तेव्हा कच्ची होती. एकेका ओळीसाठी तोच तुकडा दहादहा वेळा ऐकायचे. गाणी, खाली मराठी अर्थ, शेवटी सहा पानं टिपणं. महिला मंडळाच्या स्मरणिकेत ते माझ्या नावानं छापून आलं. मग कुणीतरी त्याची पीडीएफ केली आणि ती व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागली. माझं नाव असलेलं पहिलं पान तेवढं तिच्यात नव्हतं.

परवा एक दिवाळी अंक हाती आला. त्यात आठ पानी लेख, एका गृहस्थांच्या नावानं, ‘खेडोपाडी हिंडून केलेलं संकलन’ म्हणून. गाण्यांचा क्रम माझा, अर्थ माझे, टिपणं शब्दशः माझी. सुरुवातीची दोन वाक्यं बदलली आहेत, बस्स.

पुरावा म्हणाल तर माझी चूकच पुरावा आहे. एका गाण्यात ‘फुलेसनी माय’ असे शब्द येतात. मी अर्थ लिहिला ‘फुलांची आई’, आणि त्यावर अर्धं पान लिहून काढलं, की कानबाई ही झाडाफुलांची जन्मदात्री म्हणून बायका तिला असं म्हणतात. अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो. डोळा म्हणजे डोया, केळी म्हणजे केयी. तशी माळ ती माय. साधी फुलांची माळ, देवीच्या गळ्यात घालतात ती! स्मरणिका आल्यावर सासूबाईंना वाचून दाखवत होते, त्यांनी तिथेच थांबवलं, “माय म्हंजे माळ वं बाई.” तोवर छापून झालं होतं. आता त्या दिवाळी अंकात ते अख्खं अर्धं पान जसंच्या तसं आहे. इथल्या म्हाताऱ्या बायांजवळ बसून ज्यानं गाणं ऐकलं, त्याच्या हातून हे कसं लिहिलं जाईल?

संपादकांना फोन केला. म्हणाले, “लोकगीतांना मालक नसतो. गाणी काय तुम्ही रचलीत का?” मला उत्तरच सुचलं नाही. दोन रात्री झोप नाही. माझं काही चुकतंय का?

केळीबाग, रावेर

ताई, मनाला लावून घेऊ नका. गाणी आपल्या सगळ्यांच्या आज्या-पणज्यांची. अंकात आली तर चार लोकांपर्यंत पोचली, आपली भाषा पोचली. त्या माणसानं केलं ते वाईटच, पण भांडण्यात तुमचा जीव आटेल.

काळा कोट, धुळे

केळीबाग दादा, ताई गाणी मागतच नाहीयेत. त्या त्यांचं लिखाण मागताहेत.

ताई, संपादकांनी दोन गोष्टींची गल्लत केली. परंपरेनं आलेल्या गाण्याच्या शब्दांवर तुमचा हक्क नाही, हे खरं. कानबाईची माहिती, तिच्या नैवेद्याचे ‘रोट’ कसे करतात, ही माहितीसुद्धा कुणाच्या मालकीची नाही. उद्या कुणी त्याच आजींकडे बसून तीच गाणी पुन्हा उतरवली तर तुम्ही अडवू शकत नाही. पण तुम्ही केलेला मराठी अर्थ आणि ती सहा पानं हे तुमचं लेखन आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लिहिल्या क्षणी हक्क तयार होतो, नोंदणी सक्तीची नाही. कलम ५७ तर असं आहे की हक्क विकून टाकला तरी ‘हे मी लिहिलं’ म्हणण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. समीक्षेसाठी चार ओळी घेता येतात, त्याही लेखकाचं नाव देऊन. आठ पानं उचलणं त्यात बसत नाही.

स्मरणिकेची प्रत, वही आणि मोबाईलमधल्या फायली तारखेसकट सांभाळा. आधी स्पीड पोस्टानं पत्र पाठवा. पुढच्या अंकात खुलासा आणि तुमचं नाव, एवढीच मागणी ठेवा. फोनवर आता एक शब्द बोलू नका.

आणखी एक. तुम्ही आवाज भरला, त्यात आजींचाही हक्क आहे. कायदा गायकालाही कलावंत म्हणून हक्क देतो, आणि २०१२च्या दुरुस्तीनंतर ‘हे मी गायलं’ असं नाव लागण्याचा हक्कही त्यात आला.

गुरुजी, जळगाव

बेटा, पत्र जरूर लिही. चुकीसकट उचलणाऱ्या मुलांच्या वह्या मी तीस वर्षं तपासल्या, मला तुझी तडफड कळते.

पण एक विचारतो, राग मानू नको. आमच्या गावाला लागून आसोदे आहे, बहिणाबाई चौधरींचं माहेर. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर त्या म्हणायच्या आणि मुलगा सोपानदेव नि घरची पोरं उतरवून घ्यायची. ३ डिसेंबर १९५१ला त्या गेल्या. पुढच्याच वर्षी, १९५२ साली, आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं पुस्तक निघालं. सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी. हस्ताक्षर त्यांचं, धडपड त्यांची, आणि पुस्तकावर नाव आईचं.

तुझ्या स्मरणिकेत त्या आजींचं नाव होतं का?

बोरीकाठची सून

गुरुजी, नव्हतं. ‘गल्लीतील एका आजींच्या सौजन्याने’ असं लिहिलं होतं. इथेही वर तसंच लिहिलंय. तुमचा प्रश्न वाचून वही काढली, तिच्यातसुद्धा पहिल्या पानावर ‘आजी’ एवढंच आहे. पाच दुपारी त्यांचा चहा प्यायले मी.

गुरुजी, जळगाव

मग आता लिही. गाणाऱ्या बाईचं नाव, गाव, वय, ऐकल्याची तारीख, मग ‘लेखन व अर्थ’ म्हणून तुझं. त्यांना विचारून, बरं का. काही बायांना नाव छापलेलं आवडत नाही.

केळीबाग, रावेर

ताई, माझं वरचं बोलणं मागे घेतो. माझी आई कानबाईला गायची. तिची गाणी कुणीच लिहून ठेवली नाहीत.

बोरीकाठची सून

आज दुपारी आजींकडे गेले. गहू निवडत होत्या. दिवाळी अंक दाखवला, झालेलं सगळं सांगितलं, आणि म्हटलं, आजी, पुढच्या वेळी तुमचं नाव घालते, चालेल ना? गव्हातला हात थांबला नाही. म्हणाल्या, “मन्हं नाव कसाले? हाई गानं मन्ही मामीनं शे, बेटावदवालीनं. तिन्हं नाव लिखजो.” मग मामीचं नाव सांगितलं. लग्न होऊन सासरी येईपर्यंत त्या मामीकडे वाढल्या, हे मला आजवर माहीत नव्हतं. चौदापैकी नऊ गाणी मामीची. तीन जागरणात ऐकून शिकलेली. दोन कुठून आली ते आठवत नाही, ‘पोटमाच व्हती’ म्हणाल्या. कुठलं कुणाचं ते वहीत प्रत्येक गाण्याखाली लिहून घेतलं. निघताना दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, बरं, मामीच्या खाली मन्हंबी लिखी टाक.

नावं इथे टाकत नाही, वहीत आहेत. वकीलसाहेब, पत्र तुम्ही सांगितलं तसंच लिहिलंय, उद्या सकाळी पोस्टात टाकते. एक मागणी मी वाढवली आहे: खुलाशात ‘माय म्हणजे माळ’ हेही छापा.