मदत हवी आहे: चंद्रपूरच्या उन्हात जंप स्टार्टर कुठला आणि ठेवायचा कुठे?

जंप स्टार्टर म्हणजे बॅटरी उतरली तरी गाडी चालू करून देणारं छोटं यंत्र. गाडी २.२ लिटर डिझेल, १२ व्होल्टची बॅटरी दोन वर्षांची. आठवडाभर उभी राहिली की चावी फिरवल्यावर नुसतं कट-कट वाजतं, डॅशबोर्डचे दिवे मंदावतात. टर्मिनलवरचा पांढरा थर गरम पाण्याने काढला. अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग) ठीक आहे, इंजिन चालू असताना १४.१ व्होल्ट मिळतात. वडिलांना रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यावं लागतं, तेव्हा धक्का मारायला माणसं शोधत बसता येत नाही.

लिथियमचा जंप स्टार्टर घेणार होतो, पण मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. गाडीला शेड नाही, दुपारी स्टिअरिंगला हात लावता येत नाही. एवढ्या उष्णतेत लिथियम बॅटरी लवकर खराब होते, फुगण्याचीही भीती. घरात ठेवला तर वाटेत गाडी अडल्यावर उपयोग काय? सुपरकॅपॅसिटरवाले (लिथियम बॅटरीऐवजी थोडा वेळ वीज साठवून झटक्यात सोडणारे) ऊन जास्त सोसतात, पण ते आधी गाडीच्याच उतरलेल्या बॅटरीतून चार्ज होतात.

खोक्यावरचे पीक अँपिअर (सर्वाधिक करंट) क्षणभराचे असतात, ते आकडे सांगू नका. एवढं डिझेल इंजिन कोणी सुपरकॅपॅसिटरवर खरंच चालू केलंय का? बॅटरी पूर्ण बसलेली असताना तो पॉवर बँकेवरून चार्ज व्हायला किती वेळ लागला? आणि लिथियमवाला घरात ठेवणारे किती महिन्यांनी चार्ज करता, पूर्ण की अर्धा?