लाकूड कातायला शिकताना व्हिडिओ किती कामाचे?

वेंगुर्लेकर: लेथवर, म्हणजे लाकूड गरागरा फिरवणाऱ्या यंत्रावर, लाकूड कातायला व्हिडिओंवरून नीट शिकता येतं असं माझं ठाम मत आहे, पण निवड कडक हवी. पटाशीला धार कशी लावली, किती अंशांत लावली हे जो दाखवत नाही, त्याचा व्हिडिओ तिथंच सोडावा. बोथट हत्यारानं केलेलं काम बघून काय शिकणार? कॅमेरा माणसाच्या चेहऱ्यावर नको, हत्याराच्या टोकावर हवा. धारेमागचा तिरपा भाग, म्हणजे बेव्हल, लाकडाला टेकलेला दिसलाच पाहिजे. लांब नगांना गोल करायची मोठी रफिंग गाऊज, म्हणजे पन्हळीसारखी खोलगट पटाशी, कुणी वाडग्यावर वापरताना दिसला, तर त्याचं पुढचं काहीही ऐकू नये. तिचा मुठीत शिरणारा दांडा बारीक असतो, लाकडाच्या आडव्या रेषांत, म्हणजे तंतूंत, अडकली की तिथंच मोडते. ऑस्ट्रेलियाचे लाकूड कातणारे कारागीर रिचर्ड रॅफन यांच्या व्हिडिओंपासून सुरुवात करा. अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स ही १९८६ साली स्थापन झालेली संस्था आहे, सुरक्षिततेसाठी तिचं साहित्य बघा.

कुडाळकर: पटलं नाही. हाताचा दाब पडद्यावर दिसत नाही, आणि हत्यार अडकतं ते तिथंच. नवशिका धार आधी टेकवतो. टेकवायचा असतो बेव्हल, मग मूठ हळूहळू उचलायची, ढलपी सुटू लागली की थांबायचं. हे 'हळूहळू' म्हणजे किती, ते शेजारी उभा असलेला कारागीरच सांगू शकतो.

शिवाय त्या व्हिडिओंतलं लाकूड मेपल नाहीतर अ‍ॅश. आपल्याकडे फणस, आंबा, शिवण. सावंतवाडीची लाकडी फळं पांगाऱ्याची, इतकं हलकं लाकूड बोथट पटाशीनं कापलं जात नाही, तंतू उपटून येतात. लाखकामाचे चांगले व्हिडिओ तर शोधूनही मिळत नाहीत. लाखेची कांडी फिरत्या नगावर दाबली की घर्षणानं ती मऊ होते. कर्नाटकातल्या चन्नपट्टणचे कारागीर केवड्याच्या पानानं ती पसरवतात. गती कमी पडली तर लाख गुठळ्या धरते, दाब जास्त झाला तर करपते. केवडा आपल्या किनाऱ्यावर हवा तेवढा आहे, पान कसं धरायचं ते मात्र सावंतवाडीच्या चितार आळीत जाऊनच बघा.

रत्नागिरीकर: गतीचा आकडा न सांगणारे व्हिडिओही बाद करा. व्यास इंचांत, गुणिले मिनिटाचे फेरे, उत्तर ६,००० ते ९,००० च्या दरम्यान. १० इंची वाडग्याला ६०० ते ९०० फेरे. ओबडधोबड ओंडका असेल तर मशीनच्या सगळ्यात कमी गतीवर सुरू करा. आणि चष्मा पुरत नाही, पूर्ण चेहरा झाकणारी ढाल लावा.

वेंगुर्लेकर: कुडाळकर, दाबावर उपाय आहे. लेथ बंद ठेवा, नग डाव्या हातानं फिरवा आणि उजव्या हातानं पटाशी धरून पातळ ढलपी काढा. हा सराव दाखवणारे व्हिडिओ आहेत, आणि त्यात हत्यार अडकलं तरी इजा होत नाही. ओलं लाकूड कसं वाळवायचं तेही व्हिडिओंतून शिकता येतं. भिंत व्यासाच्या दहाव्या हिश्शाइतकी जाड ठेवून वाडगा आधी ढोबळ कातायचा, रेषांच्या कापलेल्या टोकांना मेण लावायचं, दर आठवड्याला वजन घ्यायचं. वजन उतरायचं थांबलं की दुसऱ्यांदा कातायचा.

कुडाळकर: हेच सूत्र आपल्याकडे ऑगस्टमध्ये फसतं! हवेत ८५ टक्के आर्द्रता असली की लाकूड साधारण १८ टक्के ओलाव्यावर थांबतं. वजन स्थिर दिसतं, पण लाकूड वाळलेलं नसतं. तेव्हा पातळ कातून पॉलिश केलेला वाडगा थंडीत आखडतो, लंबगोल होतो, काठाला तडा जातो. कोरड्या हवेच्या देशातला माणूस हे सांगणार नाही, कारण त्याला ही अडचणच नाही. पावसाळ्यात ढोबळ कातून ठेवा, दिवाळीनंतर वजनं पुन्हा घ्यायला लागा, आणि शेवटचा हात जानेवारी-फेब्रुवारीत फिरवा. आंब्याच्या लाकडाला वारा लागेल अशी जागा द्या, नाहीतर बुरशीनं ते निळं पडतं आणि तो डाग पॉलिश पेपरनं जात नाही.